स्वच्छतेचे वाङ्मय

मराठी ललित लेखनात घराची ओळख पुष्कळदा वासावरून करून दिली जाते. आजीची पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो, सणाच्या पहाटे उदबत्तीचा येतो, घरात दुखणे शिरले की फिनेलचा येतो. त्यातही डांबरगोळीने आत्मपर लेखांत मानाचे स्थान मिळवले आहे. शालूच्या घडीतून तो उग्र गंध दरवळला की गतकाळ जिवंत झाला, असे समजण्याची प्रथाच पडून गेली आहे. हा वास नॅफ्थलीनचा असतो. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू लागतात. गोळ्यांमध्ये महिनोन् महिने ठेवलेली दुपटी ऊन-वारा न देता नवजात बालकाला गुंडाळली आणि त्यातून कावीळ व रक्तक्षय उद्भवला, अशा नोंदी वैद्यकशास्त्रात जुन्या आहेत. ही उणीव आमच्या मध्य भारतातील काही समाजांत आढळते. आजीच्या दुपट्याविषयी हळवे होऊन लिहिणाऱ्या लेखकाला हे ठाऊक असावे अशी सक्ती कोणी करणार नाही. परंतु वास कशाचा, हा प्रश्न लेखकाला एकदाही पडू नये, हे मात्र आम्हांला खटकते.

चुलीचेही तसेच. सासुरवाशिणीचे डोळे भरून येतात, कोणी विचारले तर ती 'धूर गेला' म्हणते, आणि वाचक तिच्या दुःखाशी समरस होतो. ही क्लृप्ती मराठी कथेत इतकी वापरली गेली आहे की ती आता झिजली आहे. कथाकाराने धुराचा उपयोग अश्रू झाकण्यापुरता केला. तो धूर तिच्या फुप्फुसांत किती वर्षे साचत होता, याची चौकशी केली नाही. कधीही विडी न ओढलेल्या आमच्या आयाबहिणी उतारवयात धापा टाकू लागतात, त्यामागे लाकूड आणि गोवऱ्यांचा धूर हे एक प्रमुख कारण आहे, हे आज सर्वमान्य झाले आहे. तेव्हा 'जुने घर शुद्ध, नवे घर विषारी' असा सोपा निवाडा करून चालणार नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत तान्ह्या बाळाला धुरी देणाऱ्या घरालाही आम्ही शुद्धतेचे प्रशस्तिपत्र देऊ शकत नाही.

या संदर्भात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथाचे पुन्हा वाचन करावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेच्या आरंभीच वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे चित्रण आहे. बाईंनी ते विनोदाने रंगवले, म्हणून वाचक हसतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की, या धुवाधुवीचा भार घरातील बायकामुलांच्या हाडांवर पडत होता. शुद्धतेची व्याख्या एकाने करायची आणि तिच्यासाठी देह दुसऱ्याने झिजवायचा, ही घराची रीत लक्ष्मीबाईंनी कोणताही आव न आणता उघडी केली. टिळक प्रोटेस्टंट पंथाचे, म्हणून आमच्याकडे हा ग्रंथ पूर्वी जरा अंतर राखूनच वाचला गेला असावा. स्वच्छता आणि सोवळे यांतील भेद एवढ्या प्रामाणिकपणे सांगणारे दुसरे पुस्तक निदान आमच्या वाचनात नाही.

सोवळे गेले असे आपण म्हणतो. आमच्या मते ते बाटलीत शिरले आहे. आजचे सर्वाधिक वाचले जाणारे मराठी गद्य कोणते, असे कोणी विचारल्यास आम्ही न्हाणीघरातील बाटल्यांवरील मजकुराकडे बोट दाखवू. तो बव्हंशी भाषांतरित असतो, तरी घरोघरी त्याचाच अधिकार चालतो. 'शेकडा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ जंतूंचा नाश' हे त्यातील महावाक्य, आणि 'हर्बल', 'फुलांचा ताजेपणा', 'पाइनचा सुगंध' हे अलंकार. झुरळांच्या विषारी खडूला 'लक्ष्मणरेषा' हे नाव देणाऱ्याची प्रतिभा नाकारता येणार नाही. त्या एका शब्दाने विषाला संरक्षक रेषेचे पावित्र्य आले. आणि खडू म्हटला की पाटीवर ओढावा, एवढेच जाणणारे मूल त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, याचा विचार मागे पडला. सावधगिरीच्या सूचनाही बाटलीवर असतातच. त्या मुंगीच्या अक्षरांत असतात आणि पुष्कळदा इंग्रजीत असतात.

या वाङ्मयाचा मुख्य दोष असा की, ते सुगंध म्हणजेच स्वच्छता असे शिकवते. विदर्भाच्या मातीत गाडगेबाबांनी खराटा हाती घेतला, त्या स्वच्छतेला कसलाही वास नव्हता. केर निघाला की जागा स्वच्छ झाली. आता केर निघाल्यावरही वास आल्यावाचून गृहिणीचे समाधान होत नाही, आणि तो वास तिच्याच श्वासातून आत जातो. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ६,००० स्त्री-पुरुषांच्या फुप्फुसांच्या क्षमतेचा वीस वर्षांचा आलेख मांडला आहे. व्यवसायाने सफाई करणाऱ्या आणि केवळ स्वतःच्या घरी सफाई करणाऱ्या, अशा दोन्ही प्रकारच्या स्त्रियांची क्षमता सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. पुरुषांत तसा फरक दिसला नाही. त्यापूर्वी २००७ मध्ये युरोपातील दहा देशांतील ३,५०० हून अधिक लोकांच्या पाहणीत, घरात फवाऱ्याची द्रव्ये आठवड्यातून एकदा तरी वापरणाऱ्यांना नव्याने दमा जडण्याचे प्रमाण अधिक दिसले होते. ज्यांना दमा आधीच आहे त्यांची गोष्ट तर सरळ आहे. शौचकूप घासण्याचे अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात, उकिडव्या बसलेल्या बाईच्या नाकापासून तो वीतभर अंतरावर असतो.

मासिक पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो, तेव्हा एक दृश्य हमखास दिसते. एका खोलीचे घर, डासांच्या भीतीने लावून घेतलेली खिडकी, खाटेवर दम्याची रोगी, खाटेखाली जळती कॉइल आणि पवित्र चित्रापुढे उदबत्त्या. औषधाचा पंप उशाशी आणि धूर उशाखाली! चीन व मलेशियातील कॉइलींवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. नाग नदीच्या काठी, उन्हाळ्यानंतर कूलरच्या टाक्यांत पाणी तसेच राहणाऱ्या शहरात डासांकडे दुर्लक्ष करा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? डेंग्यूची भीती खरी आहे. परंतु मच्छरदाणी नावाची वस्तू अजून मिळते, आणि टाकी आठवड्याला एकदा कोरडी करून घासता येते. हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

धार्मिक नियतकालिकांतील कथांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ते आमचेच अंगण आहे. या कथांतील खोकणारी आई आपले दुखणे ख्रिस्ताच्या क्रुसाशी जोडते, कुरकुर करीत नाही, आणि शेवटच्या परिच्छेदात शांतपणे डोळे मिटते. दुःख प्रभूला अर्पण करण्याची शिकवण आम्हांला शिरोधार्य आहे. परंतु लेखकाने तिचा उपयोग चौकशी थांबवण्यासाठी करू नये. ही आई आयुष्यभर कोणाकोणाच्या बंगल्यात अ‍ॅसिडने फरश्या घासत होती, तिला हातमोजे कोणी दिले होते काय, खिडकी उघडी होती काय, हे कथेत येऊ द्यावे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचे ओलेचिंब कपडे घरी कोण धुते, हा प्रश्न त्यानंतर तरी आमच्या कथांत यायला हवा होता.

पवित्र शास्त्र या बाबतीत आमच्या कथाकारांपेक्षा अधिक चौकस आहे. लेवीय ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात घरालाच रोगी मानले आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घरमालकाने याजकाला कळवायचे. याजक आत जाण्यापूर्वी सामान बाहेर काढायचे. सात दिवस घर बंद ठेवून पुन्हा पाहायचे. चट्टा पसरला असेल तर ते दगड उपटून नगराबाहेर टाकायचे आणि आतल्या भिंती खरवडायच्या. हा चट्टा म्हणजे ओलीची बुरशी असावी, असे अनेक भाष्यकार मानतात, आणि बुरशीने दमा बळावतो हे आपण जाणतो. विधी बाजूला ठेवला तरी पद्धत पाहण्यासारखी आहे. रहिवाशाने काय पाप केले, असे याजक येथे विचारत नाही. तो भिंत पाहतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात प्रदूषणाचा विचार करताना स्वयंपाकाच्या व घर ऊबदार ठेवण्याच्या इंधनाच्या धुराचाही उल्लेख केला, तो याच परंपरेतला आहे.

उरला प्रश्न देवळातील धूपाचा. त्याला बगल दिली तर वरील सर्व टीका एकांगी ठरेल. निर्गम ग्रंथाच्या तिसाव्या अध्यायात परमेश्वराच्या धूपाची कृती दिली आहे, आणि केवळ वास घेण्यासाठी घरी तसा धूप करणाऱ्याला समाजातून बाहेर काढण्याची शिक्षाही सांगितली आहे. मिस्साविधीच्या सर्वसाधारण मार्गदर्शिकेनुसार धूप ऐच्छिक आहे. आमच्या मते तो नाताळ, पुनरुत्थान आणि ख्रिस्तशरीराचा सण अशा मोजक्या सणांपुरता ठेवावा, दारे-खिडक्या सताड उघड्या असाव्यात, आणि धूपदाणीचा धूर वाहतो त्या बाजूला गायकवृंद बसवू नये. ज्यांना यात उपासनेची हानी दिसते, त्यांनी पुढील सणाला धूपदाणी हलू लागल्यावर गायकवृंदाच्या शेवटच्या बाकाकडे एकदा पाहावे. तोंडाला पदर लावून तेथे कोण बसले आहे, ते त्यांना दिसेल.