‘ख्रिस्तपुराणा’तील मूळ पाप

जेझुइट पंथाचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा सहज उतरते. पुराण ऐकणाऱ्याला ती परकी वाटत नाही. खरी कसोटी आदमच्या पतनापाशी लागते. श्रोत्यांच्या समजुतीत पाप म्हणजे ज्याचे त्याचे कर्म. ट्रेंटच्या धर्मसभेने मात्र १५४६ मध्ये आदमचे पाप वंशपरंपरेने येते, असे ठरवले होते. हे पटल्याशिवाय दुसऱ्या पुराणातील येशूच्या बलिदानाला अर्थ उरत नाही.

येथेच स्टीफन्स यांची शब्दनिवड अडचणीची ठरते. स्वर्गासाठी ते ‘वैकुंठ’ वापरतात. शब्द गोड खरा, पण तो विष्णुभक्ताला आपल्याच भक्तीचे फळ सुचवतो. ख्रिस्ती तारण मुळात कृपेने मिळणारे. कवी जिंकतो, धर्मशिक्षक थोडा मागे पडतो.

कुरआनात (सूरह बकरा, आयत ३७) आदमची तौबा कबूल होते, म्हणून वारशाचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठी-उर्दू दोन्ही कानांवर असलेल्या शनवाऱ्यातील वर्गात ‘मूळ पाप’ म्हणजे ‘गुनाह’, एवढे सांगितल्यास विद्यार्थी ख्रिस्ती मत चुकीचेच समजेल.