परतणाऱ्याची कहाणी कोण ऐकतो?

परागंदा माणसांच्या कथांत बहुधा देश सुटल्याचे दुःख असते. मिलान कुंदेरा यांच्या ‘इग्नरन्स’ या कादंबरीत दुःख आहे ते परतण्याचे.

१९६८ साली सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले. त्यानंतर पॅरिसला गेलेली इरेना, १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, वीस वर्षांनी प्रागला येते. मैत्रिणींपुढे ती उंची फ्रेंच वाइन ठेवते. त्या बिअर मागवतात. परमुलखात ती कशी जगली, याची चौकशी जवळजवळ कुणीच करत नाही. डेन्मार्कहून आलेल्या योसेफला तर मायबोलीचा सूरच परका वाटतो. दडपशाहीने देशाबरोबर ऐकून घेणारी माणसेही हिरावली, हे कुंदेरा आक्रोश न करता दाखवतात. उणीव एवढीच, की ओडिसियसवरचे त्यांचे चिंतन मधूनमधून इरेनालाच झाकून टाकते.

१९७५ मध्ये फ्रान्सला गेलेल्या कुंदेरांनी ही कादंबरी फ्रेंचमध्ये लिहिली. त्यांचेच समकालीन श्क्वोरेत्स्की दांपत्य टोरांटोत स्थायिक झाले. तेथे १९७१ मध्ये प्रकाशनसंस्था काढून त्यांनी मायदेशी बंदी असलेली चेक पुस्तके छापली. कुंदेरांच्या त्या काळातील कादंबऱ्याही मूळ चेकमध्ये प्रथम तेथेच निघाल्या.

घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना कुंदेरांची वाट कळते. पण इरेनाला जो श्रोता मिळाला नाही, तो श्क्वोरेत्स्कींनी पुस्तकागणिक जमवला. ‘इग्नरन्स’ वाचताना हे विसरू नये.