नयानगरची बातमी

यादवीत वर्तमानपत्रं कशी वागतात हे पाहायला मराठी वाचकाने बोस्नियातल्या सारायेव्होपर्यंत जायची गरज नाही. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींतली मुंबई पुरेशी आहे. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या 900 नोंदवली. 6 जानेवारीनंतर पेटलेल्या हिंसाचाराची कारणं सांगताना त्याने शिवसेनेचं मुखपत्र ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ यांतल्या चिथावणीखोर लिखाणाकडे नाव घेऊन बोट दाखवलं. ‘नवाकाळ’ म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1923 साली काढलेलं दैनिक. ‘सामना’च्या अग्रलेखांवर कारवाई व्हावी म्हणून राज्याचे माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा उच्च न्यायालयात गेले. 1994 मध्ये याचिका फेटाळली गेली. जुलै 2000 मध्ये याच लिखाणावरून बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली, तेव्हा मुदत उलटून गेल्याचं सांगून दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण तिथेच संपवलं.

अग्रलेखांची चर्चा भरपूर झाली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो बातमीचा रकाना. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत 7 जानेवारी उलटून गेल्यावर, मध्यरात्रीनंतर हिंदूंच्या घराला बाहेरून कडी घालून आग लावली गेली, सहाजण गेले. ही बातमी खरी होती आणि ती दाबणं हा गुन्हाच ठरला असता. पण त्याच दिवसांत दुसऱ्या बाजूचे जे मारले जात होते, त्यांना तेवढीच जागा, तेवढाच तपशील न देणाऱ्या पानावर ही खरी बातमीसुद्धा पलित्यासारखी फिरते. याच्या उलट टोकाला आहे तो सभ्य वर्तमानपत्रांचा जुना पवित्रा: ‘दोन गटांत हाणामारी’. जमातीचं नाव छापायचं नाही, मोहल्ल्याचं मात्र छापायचं. वाचक काय ते ओळखतोच, आणि सुरुवात कोणी केली हेही आपल्या मनाने ठरवून टाकतो.

त्या दंगलीनंतर मुंबईतली अनेक मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला आणि मीरा रोडला गेली. मीरा रोडचं नयानगर आधीपासून होतं. ते भरलं या लोकांनी. म्हणजे मीरा-भाईंदरच्या आजच्या वस्तीच्या नकाशावर 1993 च्या छापील शब्दांचाही थोडा हात आहे.

21 जानेवारी 2024 च्या रात्री, अयोध्येतल्या प्राणप्रतिष्ठेच्या आदल्या दिवशी, याच नयानगरात झेंडे लावलेल्या गाड्यांवरून वाद झाला, मारहाण झाली. पुढच्या दोन दिवसांत मीरा रोडवर दुकानं फुटली, वाहनं फुटली. 23 तारखेला पालिकेचा बुलडोझर आला. यात वर्तमानपत्राने कोणाला भडकवलं नाही. त्याची गरजच उरली नव्हती. मोबाइलवरच्या चित्रफिती सकाळचा अंक निघण्याआधीच घराघरांत पोचल्या होत्या. पेटवण्याची ताकद छापील कागदाकडून गेली, हे बरंच झालं म्हणायचं. पण पडताळणीची जी जागा त्याच्याकडे आपोआप आली होती, ती त्याने घेतली का? काही इंग्रजी दैनिकं आणि संकेतस्थळांचे बातमीदार गल्लीत फिरले, दोन्ही बाजूंच्या जखमींशी बोलले. मराठी पानांवर माझ्या वाचनात आलं ते बहुतेक पोलिसांचं म्हणणं आणि पुढाऱ्यांची वक्तव्यं.

याचं कारण द्वेषात शोधू नये. ते व्यवसायाच्या रचनेत आहे. 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या असलेलं मीरा-भाईंदर अजून ठाण्याच्या पुरवणीत कडेला बसतं. इथला वार्ताहर बहुधा मानधनावर असतो. ज्याची बातमी द्यायची त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात मिळवण्याचं कामही पुष्कळदा त्याच्याच गळ्यात पडतं. अशा माणसाने पालिकेला विचारायचं, की पाडलेल्या बांधकामांना नोटीस कधी दिली होती, आणि तशीच बांधकामं शेजारच्या रस्त्यावर उभी कशी? ते त्याने विचारावं अशी अपेक्षा धरणारे संपादक मुंबईत बसलेले असतात.

कचेरीत कोण बसतं, यानेही फरक पडतो. वेढ्यातल्या सारायेव्होत ‘ओस्लोबोजेन्ये’ हे दैनिक इमारतीवर तोफगोळे पडत असताना तळघरातून निघत राहिलं. सर्ब, क्रोएट, बोस्नियाक असे सगळे त्या कचेरीत एकत्र काम करत. शौर्याच्या गोष्टी सांगताना ही बाब मागे पडते, पण त्यांची बातमी एकतर्फी होण्यापासून राखायला हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडली असणार. मराठी वृत्तपत्रांच्या ठाणे-मुंबई कचेऱ्यांत मुसलमान बातमीदार किती, हे कोणीही मोजून पाहावं. उर्दू दैनिकांत मराठी लिहिणारे-वाचणारे किती, हेही.

8 जुलै 2025 ला भाषेच्या प्रश्नावर मीरा रोडला मोर्चा निघाला, तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे सकाळपासून रस्त्यावर होते. नयानगरच्या आरोपींचं आणि फिर्यादींचं पुढे काय झालं, हे त्या गर्दीत एकाने जरी विचारलं असतं तरी दीड वर्ष रखडलेली बातमी मिळाली असती.