पोथीचे बासन आणि ग्रंथपालाचा वेश : जयपूरच्या निमित्ताने एक तौलनिक विचार

तौलनिक साहित्याभ्यासातील ‘प्रतिमाशास्त्र’ ही शाखा प्रामुख्याने राष्ट्रे आणि मानवसमूह यांच्या परस्परप्रतिमांचा विचार करते. स्वतःविषयी स्वतः घडवलेली ‘आत्मप्रतिमा’ आणि दुसऱ्याने घडवलेली ‘परप्रतिमा’ हा या शाखेतील मूलभूत भेद होय. हा भेद एखाद्या व्यवसायाच्या रूढिप्रतिमेलाही लावता येतो, आणि त्यासाठी ग्रंथपालाचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरते. इंग्रजी-अमेरिकी साहित्य-चित्रपटांतील ग्रंथपाल म्हणजे अंबाडा, चष्मा, गळ्यापर्यंत बंद पोशाख आणि ओठांवर बोट ठेवलेली अविवाहित स्त्री. आपल्याकडील प्रतिमा बहुधा पुरुषाची : विटका कोट, नाकावर घसरलेला चष्मा, हातात किल्ल्यांचा जुडगा. या दोन्ही चित्रांना जोडणारे आणि वेगळे करणारे सूत्र कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पाश्चात्त्य प्रतिमेची वंशावळ बऱ्यापैकी स्पष्ट आहे. मेल्व्हिल ड्यूई यांनी 1887 मध्ये कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथालयशास्त्राची शाळा सुरू केली. तिच्या पहिल्या तुकडीतील 20 विद्यार्थ्यांपैकी 17 स्त्रिया होत्या. सुशिक्षित स्त्री कमी वेतनात उपलब्ध होते, हे त्यामागचे एक व्यावहारिक कारण होते. व्यवसाय स्त्रियांचा झाला आणि त्याबरोबर नोकरदार अविवाहित स्त्रीविषयीचे समाजाचे सारे पूर्वग्रह त्या व्यवसायाला चिकटले. फ्रँक काप्रा यांच्या 1946 मधील ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या चित्रपटात नायक जन्मालाच आला नसता तर काय झाले असते, हे दाखवले आहे. त्या कल्पित जगात त्याच्या पत्नीवर ओढवलेली आपत्ती एवढीच, की ती अविवाहित राहिली, तिला चष्मा लागला आणि ती ग्रंथपाल झाली! ज्या ड्यूईंनी हे दार स्त्रियांना उघडले, त्यांच्या स्त्रियांशी असलेल्या वर्तनामुळे व वर्णद्वेषी धोरणांमुळे अमेरिकन ग्रंथालय संघटनेने 2019 मध्ये आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढले. तात्पर्य, अंबाडा आणि चष्मा यांतून ग्रंथांविषयी फारसे काही सांगितले जात नाही. स्त्रीच्या श्रमाचे मोल कसे ठरवले जाते, ते मात्र सांगितले जाते.

युरोपीय कादंबरीतील पुरुष-ग्रंथपाल याहून निराळा आहे. रोबेर्ट मुसिल यांच्या ‘द मॅन विदाउट क्वालिटीज’मधील ग्रंथपाल ग्रंथांच्या शीर्षकांपलीकडे व अनुक्रमणिकांपलीकडे काही वाचत नाही, म्हणूनच त्याला साऱ्या ग्रंथालयाचे भान राहते. उंबेर्तो एको यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ (1980) मध्ये ग्रंथालयावर खरी सत्ता चालते ती एका अंध वृद्धाची, आणि त्याचे नावच बोर्हेस यांची आठवण करून देणारे आहे. पुरुषाच्या बाबतीत व्यंगदेखील गूढ सत्तेचे चिन्ह ठरते. स्त्रीच्या बाबतीत साधा चष्मा हा उणेपणा होतो. दोन्ही परप्रतिमाच आहेत, परंतु त्यांची दिशा एक नाही.

आता जयपूरकडे वळू. कछवाह राजांच्या कारखान्यांपैकी एक ‘पोथीखाना’. त्यातील निवडक हस्तलिखितांचा संग्रह ‘खासमोहर’ या नावाने ओळखला जातो. नावातच राजाची मोहोर आहे. या संग्रहाच्या नोंदवहीची सूची गोपाल नारायण बहुरा यांनी आमेर-जयपूरच्या राजांच्या वाङ्मयीन वारशावरील आपल्या ग्रंथाबरोबर 1976 मध्ये प्रसिद्ध केली. याच पोथीखान्यात ‘पौंडरीक’ संग्रहही आहे. सवाई जयसिंहांच्या दरबारातील रत्नाकर पौंडरीक आणि रेखागणितकार सम्राट जगन्नाथ हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. त्यामुळे मराठी अभ्यासकाला हा पोथीखाना सर्वस्वी परका नाही.

पोथीसंस्कृतीत वेश कोणाला असतो? उत्तर सरळ आहे : पोथीला. ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील लेखनक्रियानिरूपणाच्या समासात समर्थ बोरू, शाई, अक्षरांचे वळण, समास यांबरोबरच बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलुपे यांचाही विचार करतात. पोथीने काय नेसावे, हे तपशीलवार सांगितले आहे. पोथी जपणाऱ्याने काय नेसावे, याविषयी मौन आहे. मात्र या परंपरेत ग्रंथसेवकाचे शरीर अनुपस्थित आहे असे नाही. हस्तलिखितांच्या पुष्पिकांमध्ये आढळणाऱ्या एका रूढ श्लोकात लेखक आपली मोडलेली पाठ, कंबर व मान, खिळलेली दृष्टी आणि खाली झुकलेले मुख यांचा उल्लेख करून एवढ्या कष्टाने लिहिलेला ग्रंथ जतनाने सांभाळावा, अशी विनवणी करतो. हाही एक साचाच आहे. शेकडो प्रतींत तो नकलला गेला. पण तो आत्मप्रतिमेचा साचा आहे. येथे बाक आलेली पाठ हा चेष्टेचा विषय नाही, तो श्रमाचा दाखला आहे. चष्म्याला हसणारी परप्रतिमा आणि थकल्या डोळ्यांची साक्ष काढणारी ही आत्मप्रतिमा यांत शारीरिक लक्षण जवळजवळ एकच आहे. अर्थ बदलतो तो बोलणारा बदलल्यामुळे.

हा बोलणारा बदलला कधी, याचे काही धागे जयपुरातच सापडतात. सवाई रामसिंह दुसरे यांच्या कारकिर्दीत 1866 मध्ये तेथे महाराजा सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. हेच रामसिंह छायाचित्रणाचे निष्ठावंत उपासक होते. शिवभक्ताच्या वेशातील स्वतःची, तसेच जनान्यातील स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी काढली. त्या काळात हे धाडसच होते. त्याच सुमारास, 1868 ते 1875 या काळात, ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा वसाहतकालीन छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध होत होता. वेश पाहून माणसाची जात, जमात आणि व्यवसाय ओळखण्याची सवय अशा संग्रहांनी दृढ केली. सार्वजनिक वाचनालय आणि छायाचित्र यांचा हा समकालीन प्रवेश म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. परंतु दोहोंनी मिळून एक बदल शक्य केला, असे म्हणता येईल. पोथी बासनातून बाहेर येऊन फळीवर उभी राहिली, आणि वाचक व पुस्तक यांच्यामध्ये मेजामागे बसलेला माणूस प्रथमच सर्वांच्या नजरेस पडू लागला. बासन पुस्तकावरून उतरले आणि जणू त्या माणसावर चढले.

भाषेनेही यात आपला वाटा उचलला आहे. फारसी ‘किताबदार’ ग्रंथ बाळगतो. हिंदी ‘पुस्तकालयाध्यक्ष’ अध्यक्षस्थानी बसतो. मराठी ‘ग्रंथपाल’ द्वारपालासारखा राखण करतो. किल्ल्यांचा जुडगा आपल्या रूढिप्रतिमेत आला तो या ‘पाल’ शब्दाच्या ओढीने, असे मानण्यास जागा आहे. म्हणजे पाश्चात्त्य प्रतिमेच्या केंद्रस्थानी शांतता आहे, तर आपल्या प्रतिमेच्या केंद्रस्थानी कुलूप. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील पहिले सूत्र, ग्रंथ हे उपयोगासाठी असतात, हे नेमके या कुलपावरच आघात करते. त्याच्या विवेचनात रंगनाथन युरोपातील साखळदंडांनी बांधलेल्या ग्रंथांची आठवण देतात आणि ग्रंथालयसेवकांच्या पात्रतेचा व दर्जाचाही विस्ताराने विचार करतात. राखणदाराला विद्वत्ता लागत नाही, म्हणून त्याला वेतनही फारसे लागत नाही, हे अलिखित समीकरण त्यांनी ओळखले होते.

येथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते. भारतीय कथेत वा चित्रपटात ग्रंथपाल स्त्री दिसली, की तिचा अंबाडा आणि चष्मा पाहून तिला सरसकट पाश्चात्त्य प्रतिमेची भारतीय आवृत्ती ठरवणे सोपे आहे. परंतु आपल्याकडे अंबाडा हे एकाकीपणाचे चिन्ह नाही. तो शिक्षिकेचा, गृहिणीचा, आजीचाही आहे. चिन्ह उसने घेता येते, त्यामागचा सामाजिक व्यवहार उसना घेता येत नाही. अशा वाचनात त्या स्त्रीचा प्रत्यक्ष व्यवहार, म्हणजे ती कोणाला पुस्तक देते, कोणाला नाकारते आणि तिला स्वतःला निवडीचा अधिकार किती आहे, हे सारे दृष्टीआड होते.

म्हणून ग्रंथपालाच्या प्रतिमेकडे पाहताना ‘तो कसा दिसतो’ यापेक्षा ‘हे कोण सांगते आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागेल. पुष्पिकेतील लेखकाने आपल्या देहाविषयी स्वतः सांगितले, कारण ग्रंथाचे शेवटचे पान त्याच्या हाती होते. आधुनिक ग्रंथपालाच्या हाती शेवटचे पान नाही. सूचीतील नोंदीखाली त्याची सही नसते. बहुरांसारखा एखादा सूचीकार नावाने उरतो, बाकीच्यांचा केवळ वेश उरतो. या वेशामागचे श्रम वाचता येणे, एवढे तरी तौलनिक अभ्यासाने या व्यवसायाचे देणे लागते.