कच्चे दुवे आणि प्रेक्षकाची आकांक्षा : 'द स्नोमॅन' या रहस्यपटाच्या संदर्भात

प्रस्तावना

रहस्यपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक अन्य चित्रपटांच्या प्रेक्षकापेक्षा अधिक हिशेबी असतो. अमुक माणूस तेथे कसा पोहोचला, तमुक वस्तूचे पुढे काय झाले, असे प्रश्न तो सोबत घेऊन जातो आणि चारचौघांत मांडतो. चित्रपट फसलेला असेल तर ही चर्चा चित्रपटापेक्षाही अधिक रंगते. घरी परतल्यावर शीतकपाट उघडताना सुचणाऱ्या अशा शंकांचा उल्लेख आल्फ्रेड हिचकॉक 'आइसबॉक्स'च्या रूपकाने करीत असे. पडद्यासमोर बसलेला असताना प्रेक्षकाला जी शंका सुचत नाही, तिची फारशी फिकीर दिग्दर्शकाने करू नये, हे त्या रूपकात गृहीत आहे. अभ्यासकांमध्येही कच्चे दुवे शोधणे हा रसास्वादापेक्षा पडताळणीचा व्यवहार मानण्याकडे कल दिसतो. परंतु प्रेक्षकांच्या या वादात समीक्षेचे बीज असते काय, आणि असल्यास ते कोठे असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात 'द स्नोमॅन' (२०१७) या चित्रपटाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

चित्रपट आणि अपेक्षाभंग

नॉर्वेजियन लेखक जो नेस्बो यांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसन, कार्यकारी निर्मात्यांमध्ये मार्टिन स्कॉर्सेसी, संकलक थेल्मा स्कूनमेकर आणि क्लेअर सिम्पसन, प्रमुख भूमिकेत मायकेल फासबेंडर अशी नामवंतांची मांदियाळी येथे एकत्र आली होती. पहिला बर्फ पडला की ओस्लोत स्त्रिया नाहीशा होतात आणि घटनास्थळी बर्फाचा पुतळा आढळतो. व्यसनाने खचलेला पोलीस अधिकारी हॅरी होल आणि त्याची सहकारी कॅट्रीन ब्रॅट तपास करतात, असे कथासूत्र आहे. चित्रपटाच्या जाहिरातीत खुनी पोलिसाला उद्देशून, आपण सर्व धागेदोरे आधीच दिले होते, असे बजावतो. एस. एस. व्हॅन डाइन (१९२८) आणि रोनाल्ड नॉक्स (१९२९) यांनी रहस्यकथेसाठी जे नियम सांगितले, त्यांचा गाभाही हाच होता : तपास करणाऱ्याला मिळणारा प्रत्येक धागा वाचकालाही मिळाला पाहिजे. जाहिरातीने दिलेले हे वचन चित्रपटाने पाळले नाही, ही प्रेक्षकांची मुख्य तक्रार होय.

कच्च्या दुव्यांचे वर्गीकरण

प्रेक्षकांच्या चर्चेत सर्व त्रुटी एकाच रांगेत मांडल्या जातात. त्यांचे वजन मात्र सारखे नसते. हे वजन ठरवण्यासाठी भारतीय शाब्दबोधविचार उपयोगी पडतो. वाक्याचा अर्थ कळण्यासाठी पदांमध्ये आकांक्षा, योग्यता आणि संनिधी असावी लागते, असे अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त सांगितले आहे. एका पदाला दुसऱ्याची अपेक्षा असणे ही आकांक्षा. त्यांच्या अर्थांत विरोध नसणे ही योग्यता. आणि ती जवळजवळ उच्चारली जाणे ही संनिधी. कथानक हे घटनांचे वाक्य मानले, तर कच्च्या दुव्यांचेही हेच तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार योग्यतेच्या अभावाचा. सिल्विया नावाची स्त्री बेपत्ता असल्याची खबर मिळून पोलीस तिच्या घरी जातात, तर ती तेथे सुखरूप असते. नंतर तिचा खरोखरच खून होतो. तपासाची नोंद ठेवणारे उपकरण बोटाच्या ठशाने उघडते, म्हणून खुनी कॅट्रीनचे बोटच कापून नेतो. असे घडेल काय, यावर प्रेक्षक पुष्कळ वाद घालतात. परंतु असंभाव्यता रहस्यपटाला सहसा मारक ठरत नाही. संभाव्य वाटणारे अशक्य हे अविश्वसनीय वाटणाऱ्या शक्यापेक्षा श्रेयस्कर, असे अ‍ॅरिस्टॉटलने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

दुसरा प्रकार संनिधीच्या अभावाचा. बर्गनमधील पोलीस अधिकारी राफ्टो याच्या पूर्वायुष्यातील प्रसंग ओस्लोतील तपासात अधूनमधून येतात. कॅट्रीन ही राफ्टोची मुलगी आहे, हे उघड होईपर्यंत या दोन धाग्यांचा संबंध प्रेक्षकाला जुळवता येत नाही. आणि तो जुळतो तेव्हा आधीच्या प्रसंगांचा भावनिक परिणाम ओसरलेला असतो. हा दोष मुख्यतः संकलनाचा असून काही अंशी क्षम्य आहे.

तिसरा प्रकार आकांक्षेच्या अभंग प्रतीक्षेचा, आणि 'द स्नोमॅन'चे खरे अपयश येथेच आहे. ओस्लोला हिवाळी क्रीडास्पर्धा मिळाव्यात म्हणून झटणारा धनाढ्य आर्वे स्टोप याच्याभोवती संशयाचे मोठे जाळे विणले जाते. कॅट्रीनच्या मृत्यूनंतर तो कथेतून जवळजवळ नाहीसाच होतो. संशयित निर्दोष ठरणे ही रहस्यकथेची नेहमीची चाल होय. परंतु तो निर्दोष ठरावाही लागतो. विसरला गेलेला संशयित हा चकवा नसतो, ते अपुरे वाक्य असते. खुन्याच्या हेतूचीही हीच गत आहे. कादंबरीत पितृत्वाचा प्रश्न खुन्याच्या शरीराशी, त्याला लाभलेल्या आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. त्यामुळे त्याच्या द्वेषाला विकृत का होईना, एक तर्क मिळतो. चित्रपटात आरंभीची बालपणीची घटना उरते, तर्क मात्र गळून जातो. आईने बर्फाळलेल्या सरोवरावर नेलेली मोटार बुडते, येथून कथा सुरू होते आणि खुनी बर्फातील भगदाडात बुडतो, येथे ती संपते. या दोन दृश्यांत प्रतिमेचे साम्य आहे, पण कार्यकारणभाव नाही. खुन्याचा शेवट हॅरीच्या तर्काने होत नाही, केवळ योगायोगाने होतो. मग दोन तास धागे जुळवत बसलेल्या प्रेक्षकाच्या श्रमाचे मोल काय, हा त्याचा रोष अनाठायी म्हणता येत नाही.

न चित्रित झालेल्या भागाचा युक्तिवाद

या वादाला दिग्दर्शकाच्या कबुलीने वेगळे वळण मिळाले. नॉर्वेमधील चित्रीकरणासाठी वेळ अपुरा पडला, त्यामुळे पटकथेचा सुमारे १० ते १५ टक्के भाग चित्रितच झाला नाही, असे आल्फ्रेडसन यांनी २०१७ मध्ये एनआरके या नॉर्वेजियन प्रसारणसंस्थेला सांगितले. अनेकांच्या लेखी वाद तेथेच मिटला : दुवे कच्चे आहेत, कारण ते पडद्यावर आलेच नाहीत. परंतु निर्मितीची अडचण हे त्रुटीचे कारण असू शकते, तिचे मूल्यमापन नव्हे.

याच दिग्दर्शकाचा 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (२०११) येथे तुलनेसाठी घ्यावा. त्यातही पुष्कळ काही दाखवलेले नाही. सोव्हिएत हेरप्रमुख कार्ला याचा चेहरा प्रेक्षकाला दिसत नाही. नायक स्मायलीच्या पत्नीचा चेहराही जवळजवळ झाकलेलाच राहतो. तरीही तेथील अनुपस्थितीला अर्थ आहे, कारण स्मायलीच्या मनात या दोघांचे स्थान काय, हे त्या न दिसण्यातूनच कळते. हॉवर्ड हॉक्सच्या 'द बिग स्लीप' (१९४६) मध्ये मोटारचालकाला कोणी मारले, हे मूळ लेखक रेमंड चँडलर यांनाही सांगता आले नाही, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्याने त्या चित्रपटाचे काही बिघडले नाही; कारण त्यातील मुख्य प्रश्न खुनी कोण हा नसून भोवतालच्या अनीतीत मार्लो कसा वागतो हा आहे. यावरून असे दिसून येते की, रिकामी जागा असणे हा दोष नव्हे. चित्रपटाने स्वतःच जागवलेल्या प्रश्नाच्या नेमक्या जागी ती असणे हा दोष होय. 'द स्नोमॅन'मध्ये खुन्याचा बालपणीचा प्रसंग चित्रित झालेला आहे आणि शेवटचा संघर्षही चित्रित झालेला आहे. या दोन टोकांना जोडणारा विचारच क्षीण असेल, तर राहिलेल्या दृश्यांनी तो कितपत भरून निघाला असता, ही शंका उरतेच.

समारोप

प्रेक्षकांचा वाद सरसकट उथळ ठरवणे जितके अयोग्य, तितकेच त्यांची प्रत्येक शंका समीक्षा मानणेही अयोग्य आहे. कादंबरी वाचलेला प्रेक्षक कच्चे दुवे स्मरणाने भरून काढतो, न वाचलेला त्याला नकार देतो. या झगड्यात दुसऱ्याची बाजू अधिक सबळ आहे, कारण चित्रपटाला स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे. वर्गात विद्यार्थी एखाद्या चित्रपटातील चुकांची यादी वाचू लागतो, तेव्हा त्याला थांबवण्यापेक्षा एक प्रश्न विचारणे अधिक हिताचे ठरेल : ही चूक जगाच्या व्यवहाराशी विसंगत आहे, की चित्रपटाने दिलेल्या शब्दाशी? पहिल्या चुकीची नोंद पुरेशी असते. दुसरीचे कारण शोधू लागल्यावर विद्यार्थ्याला रचनेचा विचार करावाच लागतो, आणि समीक्षेचा आरंभ तेथून होतो.