चैत्रातले घर आणि आपले साहित्य

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याचा विषय काढणे वाचकांना अवेळीचे वाटण्याचा संभव आहे. परंतु उन्हाळ्याविषयी विचार करायचा तर तो असाच, थंडीच्या तोंडावर, करावा लागतो. ऐन उन्हाळ्यात माणसाला विचार सुचत नाही, फक्त पाणी सुचते. शिवाय आपले साहित्यही उन्हाळ्याकडे नेहमी लांबूनच पाहत आले आहे. हे अंतर महिन्यांचे असते तर मी काही बोलले नसते. ते वर्षांचे आहे, आणि माझी तक्रार तीच आहे.

मराठी लेखकाचा उन्हाळा म्हणजे सुटी, आणि सुटी म्हणजे परगाव. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेले व आशा भोसले यांनी गायलेले मामाच्या गावाचे गाणे आपल्याकडच्या बहुतेक मुलांना येते. माझ्याही दोन्ही मुलांना येते. त्यांचा मामा याच शहरात चार गल्ल्यांपलीकडे राहतो, तिथे जायला आगीनगाडी लागत नाही. पण त्यामुळे त्यांच्या गाण्यात काही उणे पडत नाही. गाणे गोडच आहे. मात्र ती गाडी ज्या वाटेने गेली त्याच वाटेने आमचा ललित निबंधही जात राहिला. आजोळचे अंगण, विहीर, फणसाचे गरे, आजीच्या हातचे पन्हे, रात्री अंगणात ऐकलेल्या भुताच्या गोष्टी. यातले एकेक खरे आहे आणि कित्येकांनी ते फार सुंदर लिहिले आहे. तरीही हे सारे लेखन एकत्र ठेवून पाहिले की तीन गोष्टी ध्यानात येतात. यातला आनंद दुसऱ्याच्या घरी घडतो. तो घडून गेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी लिहिला जातो. आणि ज्या बाईच्या जिवावर तो घडला ती स्वयंपाकघरातून पन्ह्याचे पेले बाहेर पाठवण्यापुरतीच त्यात येते.

मग गुढीपाडव्यापासून शाळा मिटेपर्यंतचे जे दिवस असतात, ऊन तापू लागलेले पण अजून भाजू न लागलेले, आणि घरात तीन वर्षांची एक मुलगी व सहा वर्षांचा एक मुलगा असतो, जी अजून कोणाच्याच आठवणीतली मुले झालेली नाहीत, त्या दिवसांचे काय? त्यांचे साहित्यात काय स्थान?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला दूर जावे लागले नाही. छत्रपती संभाजीनगरापासून दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. तेच सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या कुळातल्या हाल राजाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांपैकी एका भाषेतली. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली मराठीत तिची विस्तृत आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाची शृंगारासाठी फार ख्याती झाली, आणि त्या ख्यातीमुळे सभ्य कुटुंबांनी तो कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्यामुळे एक नुकसान झाले. त्यात घर किती आहे हे आपल्या लक्षातच आले नाही.

त्यातली एक गाथा अशी आहे : नवरा-बायकोचे भांडण झाले आहे. नवरा क्षमा मागण्यासाठी पायांवर वाकतो, आणि तेवढ्यात त्यांचा लहानगा बापाच्या पाठीवर चढून बसतो. बाईचा राग खोल आहे, मन दुखावलेले आहे. तरी तिला हसू फुटते. गाथा तेवढीच. कवी पुढे एक शब्द बोलत नाही. त्या मुलाचे बोबडे बोल नाहीत, गोरे गाल नाहीत, डोळ्यांतले निष्पाप तेज नाही. मूल फक्त पाठीवर चढते. त्याला भांडणाचा पत्ता नाही. समोर पाठ दिसली, चढावे, एवढाच त्याचा व्यवहार. पण त्या व्यवहाराने एका दुखावलेल्या बाईच्या तोंडावर हसू आणले, आणि ते हसू रागाला फोडून आले म्हणून सुमारे दोन हजार वर्षे टिकले.

मला यात लहान आनंदाच्या लेखनाची कसोटीच सापडते. लहान आनंद नुसता लहान असून भागत नाही. त्याच्यावर कशाचा तरी भार असावा लागतो, आणि त्या भाराखालून तो निसटून वर यावा लागतो. भार काढून घेतला की उरतो तो गोडवा, आणि गोडव्याने साहित्य टिकत नाही, त्याला मुंग्या लागतात. पाडव्याच्या साखरगाठीसारखेच ते.

ही कसोटी हाती घेऊन मी आपली चार पुस्तके पुन्हा चाळली. कालिदासाच्या नावावर असलेले ऋतुसंहार ग्रीष्मापासूनच सुरू होते. पण त्याच्या ग्रीष्मात चंद्र, चंदन आणि प्रेमी जन आहेत, पोरेबाळे असलेले घर त्याचा विषयच नव्हे. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे, म्हणजे जोगळेकरांच्या गाथांच्याच सालचे. चैत्रापासून एकेक महिना झाडापानांतून वाचणारे ते पुस्तक मराठी गद्याचे भूषण आहे. परंतु ते वाचताना मला नेहमी वाटते की, झाडाकडे असे एकाग्र पाहायला पदर ओढणारे कोणी जवळ असता उपयोगाचे नाही. हा त्या पुस्तकाचा दोष नव्हे. तो माझ्या परिस्थितीचा फरक आहे, आणि त्या फरकाचेही एक पुस्तक असावे एवढेच माझे म्हणणे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात भार आहे, दारिद्र्याचा आणि मृत्यूचा. म्हणूनच ते आजही घराघरांत वाचले जाते. पण तिथला आनंद एकटा येत नाही, तो बोट धरून संस्काराला घेऊन येतो. इतरांपेक्षा जास्त फुले मिळावीत म्हणून श्याम कळ्याच तोडून आणतो, आणि त्या मुक्या फुलांवरून आई त्याला शहाणपण शिकवते. मोठी सुंदर रात्र आहे ती. तरीही कळ्या तोडताना त्या पोराला काय मौज वाटली असेल, हे विचारायला पुस्तक थांबत नाही. याउलट इरावतीबाई कर्व्यांच्या ‘परिपूर्ती’त संस्काराचा लवलेश नाही. मोठ्या सासऱ्यांची सून, मोठ्या नवऱ्याची बायको अशी ओळख सभेत करून दिली जात असताना जे अपुरे वाटत होते, ते रस्त्यावरच्या एका पोराने आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखल्यावर पुरे झाले. विद्वत्तेचा सारा भार बाजूला सारून आलेले ते समाधान आहे. गाथेची कसोटी तिथे नेमकी उतरते. आणि विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’पासून (१९६१) मुलांसाठी जे लिहिले त्यात त्यांनी आणखी एक कठीण गोष्ट साधली : ते मुलाकडे पाहत नाहीत, मुलाच्या शेजारी उभे राहून जगाकडे पाहतात. बहुतेकांना हे जमत नाही. बहुतेक जण मुलाकडेच पाहत बसतात, आणि मग मूल घरातले माणूस न राहता दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होते.

आता माझ्या घरात, म्हणजे या गावातल्या कोणत्याही घरात, चैत्रात या कसोटीला उतरेल असे काय घडते ते सांगते. मासल्यादाखल दोनतीनच.

कुरडयांचे दिवस. गहू तीन दिवस भिजतात, वाटले जातात, त्यांचा चीक काढून शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालायचा. पहाटे चारला उठलेल्या बाईची कंबर दहापर्यंत मोडलेली असते. त्या वेळी पोरे वाट्या घेऊन भोवती बसतात, कारण गरम चिकात दूध-साखर घालून खाण्याचा योग वर्षातून एवढाच. मग दुपारी गच्चीवरच्या वाळवणाला राखणदार नेमायचा. माझा मुलगा हातात काठी घेऊन छत्रीखाली बसला आणि कावळ्यांना त्याने कुरडईला शिवू दिले नाही. संध्याकाळी मोजले तेव्हा पातळातली एक ओळ मात्र गायब होती. कावळ्याने नेली असे राखणदाराचे म्हणणे पडले. राखणदाराच्या हनुवटीवर पांढरे सुकले होते.

कूलर उतरवण्याचा दिवस. आमच्या मराठवाड्यात हा कुळाचारच समजावा. जुने गवत काढून नवे भरतात, पहिल्यांदा पाणी सोडतात, आणि त्या ओल्या गवताचा वास घरभर होतो. या वासावर कोणी मराठी कवीने लिहिलेले माझ्या वाचनात नाही. पहिल्या पावसाच्या मातीवर मात्र अमाप आहे. पोरांना त्या वाऱ्याचेही काही नसते. जाळीशी तोंड नेऊन ‘आ’ म्हटले की आवाज थरथरत परत येतो, हा त्यांचा खरा ठेवा. तीन वर्षांच्या मुलीने तो शोध लावला त्या दुपारी घरात कोणालाही झोप मिळाली नाही.

आणि नळाचा दिवस. मलिक अंबराने सतराव्या शतकात नहरींनी पाणी खेळवलेल्या या शहरात गेली कित्येक वर्षे नळाला पाणी काही दिवसांआडच येत आले आहे. तो दिवस ठरलेला नसता तर आम्ही पंचांगात पाहिला असता. सारी भांडी भरून झाली, टाकी भरली, आणि तरी धार चालू राहिली की पोरांना टबात बसायची परवानगी मिळते. मी तिथे बसते ती कौतुकाने नव्हे, हिशेबाने : इतक्या बादल्या टबात, त्यातल्या किती झाडांना, किती फरशीला. एखादी ओंजळ टबाबाहेर उडाली की माझ्या पोटात कालवते. आणि ते दोघे ओरडत पाण्यावर हात आपटत असतात. कधीकधी त्यांचे ओरडणे माझ्या हिशेबापेक्षा मोठे होते आणि मला हसू येते. गाथेतल्या त्या बाईचे हसू मला त्या वेळी समजले. पाणी मुबलक असलेल्या गावात टबातले मूल हे नुसते चित्र आहे. इथे ती घटना आहे.

कोणी म्हणेल, हे फार लहान झाले. यावर का कोणी साहित्य लिहितो? याला हालानेच उत्तर दिले आहे. पाणपोईवर तहानलेला वाटसरू बोटे फाकवून पाणी पितो, म्हणजे पिणे लांबेल. आणि पाणी घालणारी धार बारीक बारीक करत जाते, म्हणजे तिचेही लांबेल. दोन ओळींत कवीने बोटे आणि धार एवढेच दाखवले. वस्तू किती मोठी याने लेखन मोठे होत नाही, ती किती नीट पाहिली यानेच होते. ही दृष्टी आपल्याच मातीत होती. जात्यावरच्या ओव्यांतही ती राहिली, कारण तिथे दळणारीच गात होती आणि मूल तिच्या मांडीवर असे. हात कामात आणि लक्ष मुलात असे ते काव्य होते. जाते गेले, आणि काम व काव्य यांची जागाही वेगवेगळी झाली.

त्यामुळे काय बिघडले, तर आज लहान मुलांच्या आईबापांजवळ त्यांच्या चालू दिवसांसाठी शब्द नाहीत. आठवणींसाठी पुष्कळ आहेत. एवढेच काय, फळांची नावेही परगावची झाली आहेत : आमच्या गाड्यावर टरबूज मिळते आणि पोरांच्या चित्रांच्या पुस्तकात ते कलिंगड होते. माझ्या मुलीने एकदा दोन्ही वेगवेगळी फळे समजून दोन्हींचा हट्ट धरला होता. ज्याला आपल्या घरासाठी शब्द मिळत नाहीत त्याला आपला आनंद खरा नव्हे, खरा आनंद मामाच्या गावी आहे, असे वाटू लागते. आणि मग ती मुले मोठी झाल्यावर, चाळीस वर्षांनी, तो खरा होता असे त्यांना कळते. इतका उशीर करण्याचे कारण नाही. पुढच्या पाडव्याला गुढी उतरवून झाली, कूलरात पाणी पडले, की ज्यांच्या घरी पाठीवर चढणारे कोणी आहे त्यांनी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. गोड लिहू नये. बादल्यांचा हिशेब त्यात असू द्यावा.