भावातून आलेला दुष्काळ : ‘अशनि संकेत’चे एक वाचन

बंगालीत १९४३च्या दुष्काळाला ‘पंचाशेर मन्वंतर’ म्हणतात, कारण ते बंगाब्द १३५० होते. मराठीत ‘मन्वंतर’ म्हणजे युगपालट. आणि ‘दुष्काळ’ म्हटले की आपला वाचक प्रथम आभाळाकडे पाहतो. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘अशनि संकेत’ वाचताना या दोन्ही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. शीर्षकातली वीज आभाळातली असली तरी संकट येते ते बाजारातून.

१९४२मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने सरकारने किनारी जिल्ह्यांतील तांदूळ व होड्या काढून घेतल्या. कलकत्त्याच्या युद्धोपयोगी उद्योगांतील कामगारांना सवलतीचे धान्य पुरवले. ‘फॅमिन कोड’नुसार दुष्काळ मात्र जाहीर केलाच नाही. १९४३चा तांदूळसाठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे ५ टक्क्यांनीच कमी होता, असे अमर्त्य सेन यांनी १९८१मध्ये दाखविले. धान्य होते, शेतमजूर, कोळी, कारागीर यांची ते मिळविण्याची ऐपत उरली नव्हती.

कादंबरीत यांतले काही नावानिशी येत नाही. जपान्यांनी सिंगापूर घेतल्याची वार्ता गावात पोहोचते, पण ते नेमके कोठे, हे कोणालाच नीट ठाऊक नसते. मग तांदूळ महागतो, मग दुकानातून नाहीसा होतो. याला राजकीय भानाचा अभाव म्हणता येईल; मला ते पटत नाही. धोरण ज्यांच्यावर कोसळते त्यांना ते धोरण म्हणून दिसतच नाही, भाव आणि अफवा म्हणूनच दिसते, आणि लेखक त्या अज्ञानाबाहेर पाऊल टाकीत नाही. या संयमातच त्याचे राजकारण आहे.

विषमतेचे चित्रण याहून धारदार आहे. गंगाचरण हा गावातला एकमेव ब्राह्मण. शाळा, पौरोहित्य, औषधोपचार यांवर त्याचा चरितार्थ चालतो. सेन ज्याला हक्कदारी म्हणतात तिचा जातीतून आलेला हा प्रकार त्यांच्या तक्त्यांत सापडणार नाही. दान आटते तसा गंगाचरणही खचतो, पण तगतो. गावातला पहिला भूकबळी ठरते ती मोती, चांभार जातीची. तिच्या प्रेतालाही शिवायला लोक कचरतात.

तरीही मोतीची भूक आपल्याला ब्राह्मणाच्या अंगणातूनच दिसते, ही कादंबरीची मर्यादा आहे. सत्यजित राय यांनी १९७३च्या चित्रपटाच्या अखेरीस पन्नास लाखांहून अधिक मृत्यूंचा उल्लेख पडद्यावर आणला. कादंबरी मोतीपाशीच हिशेब थांबवते, आणि अंगणाची ती मर्यादा सोसूनही मला तीच अधिक अस्वस्थ करते.